पत्रिकेच्या पाठीवरचं उत्तर

कौसल्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. आमच्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे त्या सकाळी घरात कुणी आजारी पडायचं नाही, पाहुण्यांनी यायचं नाही आणि फोन उचलायचा नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. तरी उचलला, कारण रेखाचं नाव दिसलं. रेखा म्हणजे कौसल्याची मुलगी. "मावशी, आई गेली. झोपेतच," ती म्हणाली. मागे बादली भरून वाहायला लागली होती. मी नळाखाली दुसरी बादली सरकवली, ती भरेपर्यंत उभी राहिले, नळ बंद केला आणि मग खाली बसले. आज सहा आठवड्यांनी हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण कौसल्याला वाटली नसती. तिनं आणि मी एकाच काउंटरवर बारा वर्षं टँकरच्या खेपा लिहिल्या. आपल्या मरणापायी कुणी बादलीभर पाणी वाया घालवलं, हे तिला अजिबात चाललं नसतं.

वाचकांपैकी काहींना ती आठवत असेल. एका मराठी वाहिनीवर रोज संध्याकाळी प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागायचा. जो जिंकेल तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत, समोर दोन नवे स्पर्धक. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी जायचे. आमची कौसल्या सव्वीस भाग त्या खुर्चीत बसून राहिली आणि सत्ताविसाव्याला हरली. ती हरली ती माझ्यामुळे. मी लिहून दिलेलं उत्तर तिनं दिलं आणि ते चुकलं. पुढं इतकी वर्षं आम्ही रोज शेजारी बसून डबा खाल्ला, पण मी एकदाही तिची माफी मागितली नाही. का मागितली नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे, बाकीचं ओघानं येईल.

कौसल्या करमाडकडची, मेंढपाळाच्या घरातली. वडिलांची मेंढरं दिवाळीनंतर निघायची ती मृगाच्या तोंडाला परतायची, त्यामुळे तिची चौथीपर्यंतची शाळा पाच गावांत मिळून झाली. पुढं आत्याकडं राहून मॅट्रिक झाली. नवरा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता, तो लवकर गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर तिला नोकरी लागली. मी फर्दापूरची. लग्न होऊन शहरात आले, तिच्या आधी दोन वर्षं पाण्याच्या टाकीवरच्या टँकर-नोंदणीच्या काउंटरला चिकटले होते. तेव्हा शहर चहूकडं पसरत होतं. बीड बायपासपलीकडं, वेशीवरच्या सातारा गावाच्या अंगाला, जालना रोडनं शेंद्र्यापर्यंत प्लॉट पडत होते. कॉलन्यांच्या कमानी आधी उभ्या राहिल्या, नळ मागून येणार होते. त्यात एकामागून एक दोन-तीन पावसाळे कोरडे गेले. सकाळी नऊला खिडकी उघडायच्या आधीच रांग फाटकाबाहेर गेलेली असायची. रांगेतल्या माणसाचं डोकं तापलेलं, आणि समोर जाळीत आम्ही दोघी. शिव्या खायच्या कामावर आमची नेमणूक झाली आहे, असं मी म्हणत असे.

कौसल्यानं त्यावर तोडगा काढला. माणूस खिडकीशी आला की नोंद करता करता ती विचारायची, "तुमी काय काम करता?" आणि मग त्याच्या कामातलं एक काहीतरी विचारायची. गवंड्याला विचारायची, कमानीच्या मधल्या दगडाला काय म्हणतात. निवृत्त तलाठ्याला, निजामाच्या काळी जमीन कशात मोजायचे. एका औषधाच्या दुकानदाराला तिनं इतकं विचारलं की तो टँकरची वेळ विचारायचं विसरूनच घरी गेला. रागावलेल्या माणसाला आपल्याला येणारी गोष्ट विचारली की तो निम्मा तरी शांत होतो, हे तिला मेंढरांमागं फिरताना कळलं होतं की कसं, कोण जाणे. मिळालेलं उत्तर ती लगेच लिहून ठेवायची, लग्नपत्रिकेच्या पाठीवर. शहरात राहून आणि खिडकीवर बसून आम्हाला पत्रिका फार यायच्या आणि पत्रिकेची पाठ कोरी असते. वर प्रश्न, खाली उत्तर. शनिवारी दुपारी औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात जाऊन ती प्रत्येक उत्तर तपासायची, बरोबर असेल तर लाल पेनानं खूण करायची, चुकीचं असेल तर लाल पेनानं दुरुस्त करायची आणि कोपऱ्यात ते कुठून खरं कळलं ते लिहायची. 'कोश', 'पेपर', नाहीतर त्या माणसाचं नाव. कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग असेल तर डागावरच लिहायची. तपासून झालेली पत्रिका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. दुष्काळात लग्नं कमी झाली, साधी झाली, तेव्हा तिची तक्रार अशी की पत्रिका लई बारक्या यायला लागल्यात.

कार्यक्रमाचा अर्ज मीच भरला, तिच्या नकळत. निवड झाली तेव्हा तिला पहिली चिंता पडली ती साड्यांची. एका दिवसात पाच भाग चित्रित होतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. टीव्हीवर 'काल' आणि 'आज' म्हणतात तो सगळा एकाच दिवसाचा मामला असतो. म्हणून दर भागाला वेगळी साडी हवी. कौसल्याकडं बाहेर नेसायच्या साड्या तीन. मग मी तिच्या गल्लीत घरोघर फिरले. पहिल्या खेपेला दहा साड्या गोळा केल्या, नुसत्या आशेवर, आणि दहाही लागल्या. दुसऱ्या खेपेला पंधरा नेल्या, पंधराही लागल्या. निकाल फुटू द्यायचा नाही असं आमच्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं, पण साड्या मागायला पुन्हा आलो म्हणजे बाई जिंकतेय, हे सांगायला कागद कशाला लागतो? तिसऱ्या खेपेला तर बायका स्वतःच साड्या घेऊन दारात आल्या. जिची साडी जुनी होती तिनं बहिणीची आणली. आपली साडी टीव्हीवर दिसणार यात आपणच जिंकल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते मला पटायचं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तिसऱ्या खेपेच्या पहिल्या सकाळी सव्विसावा भाग तिनं सहज जिंकला. सत्ताविसाव्याला ती गल्लीतल्या नसीमभाभींची साडी नेसली होती, डाळिंबी, बारीक जरीची. शेवटचा प्रश्न आला तो अजिंठ्याचा. लेणी शोधणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपलं नाव कोणत्या क्रमांकाच्या लेण्यात कोरलं? मी प्रेक्षकांत बसले होते. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईचा हातच धरला. माझे वडील तीस वर्षं अजिंठ्याला गाईड होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, नऊ नंबरच्या लेण्यापाशी उभं राहून. काउंटरवर ती मीच पत्रिकेच्या पाठीवर लिहून दिली होती, 'नऊ'. त्या शनिवारी कौसल्या ती पत्रिका वाचनालयात न्यायला निघाली तेव्हा मी जरा फुगले होते. ती हसून म्हणाली होती, "बरं बाई. तुझ्या वडलांची जिंदगी तिथंच गेली. त्यांचं काय तपासायचं?" एवढी एकच पत्रिका तिनं न तपासता डब्यात ठेवली. तर तिनं 'नऊ' सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडं बघून हसली. ते हसू माझ्या वडिलांसाठी होतं. सूत्रसंचालक म्हणाला, "बरोबर उत्तर आहे, दहा."

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते लॉजवरचं. भर दुपार होती. पलंगावर तेरा साड्या घडी न मोडलेल्या. कौसल्या त्यांच्याकडं बघत उभी होती. म्हणाली, "आता ह्या अशाच परत नेल्या तर समद्यांना कळंल."

मी म्हटलं, "घड्या मोडून चुरगाळून ठेवू."

"तसं नाय. ते खोटं झालं. नेसू या."

आणि आम्ही नेसल्या. सात तिनं, सहा मी. एकेक साडी नेसायची, खोलीत दोन फेऱ्या मारायच्या, जरा बसायचं, उठायचं, सोडायची. ती आरशात बघून हसत होती, या साडीत मी सरपंचीण दिसते, या साडीत तू विहीणबाई दिसते. मी हसत नव्हते. चौथी साडी सोडताना मला रडू आलं. ती म्हणाली, "रडून साडीवर डाग पाडू नको, लोकांची हाय." बस, एवढंच. तू असं का लिहून दिलंस, असं तिनं विचारलं नाही. मला वाटलं घरी गेल्यावर विचारील. घरी गेल्यावरही विचारलं नाही.

खरी परीक्षा पुढं होती. आम्ही परतलो त्याच आठवड्यात तिचा पहिला भाग टीव्हीवर आला. म्हणजे इकडं हरलेली कौसल्या रोज सकाळी खिडकीत बसायची आणि रोज संध्याकाळी सगळं शहर तिला जिंकताना बघायचं. महिनाभर हे चाललं. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो उन्हाळा होता. टाकीच्या तळाला गाळ दिसत होता. रांगेत हार घेऊन आलेला एखादा आणि रिकामा हंडा आपटणारी एखादी एकाच वेळी उभी असायची. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, काल तुम्ही जगातली सगळ्यात खोल दरी सांगितली. आता आमच्या गल्लीत टँकर कधी येतो तेवढं सांगा."

"काका, त्याला कुणी चार पर्याय नाय दिले," कौसल्या म्हणाली आणि त्यांचं नाव वहीत वर घेतलं नाही. ओळखीपाळखीनं, कौतुकानं कुणाचंच नाव वर घेतलं नाही, त्या महिन्यातसुद्धा. गल्लीतल्या बायका चौथ्या खेपेसाठी साड्या इस्त्री करून बसल्या होत्या. "आता केव्हा निघायचं?" विचारायच्या. ती म्हणायची, "टीव्हीत बघा, कळंल." मला ते ऐकवायचं नाही. मी उठून पाणी प्यायला जायची, नसलेलं पाणी.

सत्ताविसावा भाग लागला त्या संध्याकाळी तिच्या घरात वीस-बावीस माणसं होती. सूत्रसंचालकानं 'दहा' म्हटलं. मग नसीमभाभी बोलल्या. "मेरीच साडी का पैर बुरा निकला. मैं कायकू दी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच. दोन-तीन बायकांनी साडीकडं तसं बघितलंही. कौसल्या म्हणाली, "भाभी, साडी लई चांगली व्हती. उत्तर चुकलं. साडीचा काय संबंध?" तेव्हा मी बोलायला हवं होतं. खोलीत वीस माणसं, समोर डोळे पुसणाऱ्या भाभी, आणि चूक माझी. मी चहाचे कप गोळा करायला उठले. पुढं गणपतीत वॉर्डात कौसल्याचा सत्कार झाला तेव्हा तिनं मुद्दाम भाभींकडून तीच डाळिंबी साडी मागून आणली आणि नेसली. तिच्या पद्धतीनं तिनं भाभींचा प्रश्न मिटवला. राहिलेल्या तेरा जणींनाही तिनं सांगितलं, "नेसलो आमी समद्या. टीव्हीत दिसल्या नाय एवढंच." यातला एक शब्दही खोटा नव्हता.

माझा प्रश्न मात्र तसाच राहिला. माफी मागणं अवघड नव्हतं, मी काही फार मानी बाई नाही. पण माफी मागायची तर म्हणावं लागणार, की माझ्या वडिलांनी चुकीचं सांगितलं. तीस वर्षं, रोज, देशोदेशीच्या माणसांना. वडील तेव्हा जाऊन पाच वर्षं झाली होती, विचारणार कुणाला? मीच चुकीचं ऐकलं म्हणावं, तर मी ते डोळ्यांसमोर पाहिलं होतं, नऊ नंबरसमोर उभे राहून हात करून सांगणारे वडील. एक तर मी खोटी, नाहीतर ते. त्यांची सगळी अब्रू त्या माहितीत होती. ज्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्याला ते एकही धड करता येत नव्हतं, असं माझ्या तोंडानं कसं म्हणू... म्हणून मी गप्प राहिले. आणि मनात असंही होतं की कौसल्या माझ्या वडिलांबद्दल तेच समजून चुकली असणार, फक्त मला लागेल म्हणून बोलत नाही. तिच्या चांगुलपणाचा मला कधीकधी रागही यायचा. तोही इथं कबूल करते.

दोन पावसाळ्यांनी बरा पाऊस झाला. त्या हिवाळ्यात ती म्हणाली, "निर्मला, मला तुझं अजिंठा दाखव. चारदा पत्रिकेत लिवलं, बघितलं एकदाबी नाय." मला टाळायचं होतं, पण काय सांगून टाळणार? फर्दापूरच्या फाट्यावरून बसनं वर गेलो. वाघूर नदीला पाणी होतं. पायऱ्या चढता चढता मी एकेका लेण्याबद्दल नको तितकं बोलत होते, म्हणजे नऊ आणि दहा बोलण्याच्या भरात मागं पडतील. पण नऊपाशी ती थांबली. ऐन दुपार होती. तिथं एक तरुण गाईड वीसेक माणसांना घेऊन उभा होता आणि तीच गोष्ट सांगत होता, इंग्रज अधिकारी, शिकार, खांबावर उंच कोरलेलं नाव. कौसल्या कठड्याला टेकून ऐकायला लागली. मी म्हटलं, "चल, पुढं गर्दी वाढंल." ती म्हणाली, "थांब की. इथं सावली हाय." मी थांबले नाही. पुढं सोळापाशी जाऊन उभी राहिले. ती बऱ्याच वेळानं आली, घाम पुसत. परतीच्या बसमध्ये तिनं मला माझ्या वडिलांबद्दल विचारलं, ते डबा कुठं बसून खायचे, उन्हाळ्यात कसं करायचे. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून विचारतेय. मी तुटक उत्तरं दिली.

कौसल्या गेल्यावर तिच्या दहाव्या दिवसाचे विधी झाले आणि रेखानं मला बोलावून घेतलं. कौसल्याची खोली तशीच होती, खिडकीशी टेबल, लाल पेन, आणि बिस्किटांचे पत्र्याचे मोठे डबे सात. निवृत्त झाल्यावरही तिचं थांबलं नव्हतं. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, दवाखान्यात शेजारी बसलेल्याला ती विचारतच राहिली. "मावशी, याचं काय करू, तुमीच सांगा," रेखा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी डबे बघायला लागले. प्रत्येक गठ्ठ्याला दोरा, वर विषय. 'अजिंठा'चा गठ्ठा चौथ्या डब्यात होता. खरं सांगायचं तर मी दुसरं काही बघतच नव्हते, तोच शोधत होते. माझी पत्रिका मधोमध होती. माझं अक्षर, 'नऊ'. वाटलं, यावर लाल काट असणार.

काट नव्हती. 'नऊ'च्या खाली लाल पेनानं तिचं बारीक अक्षर होतं. 'दहा. नाव दहात हाय. ऊन लई, म्हणून नऊच्या सावलीत उभं करून सांगतात आन् हात दहाकडं करतात. आजबी तसंच.'

मी खुर्चीवर बसले. लहानपणचे वडील पुन्हा डोळ्यांसमोर आले, नऊ नंबरसमोर उभे, माणसं सावलीत, आणि त्यांचा हात... हात बाजूला होता. शेजारी होता. मी डबा हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, हात कुठं जातो ते बघितलंच नव्हतं. कौसल्यानं बघितलं. मी सोळापाशी रुसून उभी होते तेवढ्या वेळात तिनं गाईडचा हात बघितला, उन्हात दहापर्यंत जाऊन आली, खांब बघून आली. आणि मला बसमध्ये ते सांगायचा तिनं प्रयत्नही केला होता, मीच बोलू दिलं नाही. मग ती काय करणार? तिनं पत्रिकेवर लिहून ठेवलं.

कोपऱ्यात, जिथं ती उत्तर कुठून खरं कळलं ते लिहायची, तिथं हळदीच्या जुन्या डागावर लाल खूण होती आणि पुढं दोन शब्द, 'निर्मलाचे वडील'.

रेखा चहा घेऊन आली. तिनं विचारलं, "मावशी, ती घरी नेता का?" मी म्हटलं, नको. दोरा सोडला, पत्रिका गठ्ठ्यात होती तिथं मधोमध घातली आणि पुन्हा बांधला. तपासून झालेली पत्रिका डब्यात ठेवायची, असा तिचा नियम होता.